आधी टाच की आधी हात

शिट्टी वाजली तेव्हा मी जिंकले होते. निदान मला तसं वाटत होतं. समोरच्या संघाची शेवटची पोरगी खांबाला वळसा घालून निसटणार, एवढ्यात मी अंग झोकून दिलं आणि तिच्या कमरेला बोटं टेकवली. तोंडात माती, कोपर सोललेलं, आणि डोक्यात एकच गोष्ट, की जिल्ह्याचा कप तासगावला आला. आमच्या पोरी माझ्या अंगावर पडायला धावल्यासुद्धा.

पण शिट्टी काही थांबेना. मान वर करून बघते तर पंच इनामदार बाई रेषेबाहेर उभ्या राहून माझ्याकडे बोट दाखवत होत्या.

"फाऊल. चार नंबर. खो मिळायच्या आधी उठली."

चार नंबर म्हणजे मी. उज्ज्वला गुरव.

ज्यांनी खो-खो फक्त शाळेत पी.टी.च्या तासाला खेळलाय त्यांना एवढंच सांगते. आठ जणी एका रांगेत उकिडव्या बसलेल्या असतात. नववी पळत येते, बसलेल्या एकीच्या पाठीला हात लावते, 'खो' म्हणते, आणि मग त्या बसलेलीनं उठून पळायचं. आधी हात, मग उठणं. उलटं झालं की फाऊल, आणि फाऊल करून मारलेला गडी बाद धरत नाहीत. म्हणजे मी तोंडात माती घेऊन जो गडी मारला होता तो मुळी मारलाच नव्हता. परत खेळ सुरू होईपर्यंत वेळ संपली आणि एका गुणानं आम्ही हरलो.

मी तशीच उठले आणि थेट बाईंसमोर गेले.

"बाई, हात लागला आन् मगच उठले मी. आईशप्पथ!"

"मी पाहिलं ते सांगितलं," बाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत.

"मग तुम्ही खोटं बघितलं!"

आमच्या भोकरे सरांनी माझा दंड धरून मला मागं ओढलं. "गप. पंचाशी भांडतीस व्हय? इथंच कायमची बाद करतील तुला."

"पण सर, मी उठले न्हवते!"

"जयमाला, तू सांग. खो तू दिलास न्हवं?"

जयमाला सोनवणे म्हणजे माझी जिवाभावाची. कबुतरासारखी छाती वरखाली होत होती तिची. "हात लागला की सर. मी हाताकडंच बघत हुते. आधी हातच लागला."

"झालं तर मग!" मी म्हणाले.

"काय झालं? तुम्ही दोघी एका ताटात जेवणाऱ्या. कोण धरतंय तुमचं?" सर म्हणाले आणि कपाळाला हात लावून बाकावर बसले.

माझ्या डोक्याचा भुगा का झाला ते सांगते. दुसरा कुणी पंच असता तर मी सरळ म्हटलं असतं, पैसे खाल्ले, पाहुणचार घेतला, नाहीतर नात्यातली पोरगी असेल. पण इनामदार बाईंबद्दल असं म्हणायची सोय नव्हती. सामन्याच्या दिवशी त्या कुठल्याच संघाच्या मांडवात पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. एका अंतिम सामन्यात सख्ख्या भाचीला बाद देऊन त्यांनी बहिणीशी कायमचं वाकडं घेतलं होतं. बाई खोटं बोलणार नाहीत हे मला माहीत होतं. मी खोटं बोलत नव्हते हेही मला माहीत होतं. मग खोटं कोण बोलत होतं?

त्यातून आणखी एक गंमत. मी लवकर उठते अशी कुजबुज त्या वर्षी सगळीकडे होती. दोष असलाच तर माझ्या चपळाईचा. हात टेकतोय न टेकतोय तोवर मी दोन चौकोन पुढे असायची, आणि हरलेल्या पोरी म्हणायच्या, 'तिला खोचा आधीच वास येतो.' मला त्याचा असा संताप यायचा की त्या दिवशी नाणेफेकीआधी मीच बाईंकडे गेले होते. म्हणाले होते, "बाई, लोक कायबाय बोलतात. तुम्ही आज माझ्या टाचांवर नजर ठेवा. टाच आधी हलली तर बेलाशक फाऊल द्या." बाई हसल्या होत्या आणि बरं म्हणाल्या होत्या. आता मला सांगा, चोर कधी फौजदाराला आपणहून चहाला बोलावतो का?

पुढच्या रविवारी जिल्ह्याचा संघ निवडायला समिती बसणार होती. त्यातून राज्य स्पर्धेला जायचं. घरी आबांनी माझ्या खेळाला एवढीच मुदत दिलेली. "औंदा निवड झाली तर खेळ. न्हाई झाली तर मग दिवाळीनंतर पाव्हणे बघायला येतील त्यांच्यासमोर गुमान बसायचं." निवड म्हणजे माझ्या दृष्टीनं फक्त संघ नव्हता. मैदान राहणार की जाणार, एवढाच प्रश्न होता.

"समितीत काय म्हणतील सर?" मी परतीच्या टेम्पोत विचारलं.

"काय म्हणायचं? फाऊलवाली पोरगी संघात घेऊन कोण जळता निखारा पदरात बांधून घेईल? बाईंनी तुला आधी उठताना पाहिलं म्हंजे तू आधी उठलीस. संपलं."

"मी उठले न्हाई पण."

"अगं, मला कळतंय. पण माझ्या कळण्याला कोण विचारतंय?"

घरी पोहोचेपर्यंत बातमी माझ्याआधी पोहोचली होती. आमचे आबा गावच्या भैरोबाचे गुरव. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपल्यावर त्यांनी मला देवळात बोलावलं. आई आधीच येऊन बसली होती.

"खरं काय ते सांग. उठलीस का आधी?"

"न्हाई आबा."

"बाई खोटं बोलत्यात मग?"

"त्याबी न्हाई."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू म्हैस एकाच वेळी काळी आणि पांढरी आहे असं मी सांगतेय. मग म्हणाले, "माणसांचं राहू दे. देवाला विचारू."

आमच्याकडे लोक कौल लावायला लांबून यायचे. गाय कुठं गेली, लग्न करावं का नको, विहीर इथं खणू का तिथं. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गप बसायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. आबांनी कण्हेरीच्या दोन कळ्या चिकटवल्या, हात जोडले. "देवा भैरोबा, माझी पोर खो मिळायच्या आधी उठली का?"

आम्ही तिघं बसलो. माझे डोळे कधी इकडे, कधी तिकडे. मला भीतीच वाटत होती बघायची. समईची वात तडतडली म्हणून मी क्षणभर मान वळवली, आणि टप् असा आवाज झाला.

"डावी!" आबा मांडीवर थाप मारून म्हणाले. "डावी पडली आधी. पोर खरी हाय माझी."

"आवं, उजवी पडली की!" आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "उजवी आधी, मग डावी."

"डोळं हायती का बटणं? डावी पडली."

"मी उजवीवरच नजर ठिवून बसले हुते. देवा, तेवढी पडू देऊ नगंस म्हणत हुते."

"आन् मी डावीवर. मला काय दिसंना व्हय?"

दोन्ही कळ्या पायाशी शेजारी शेजारी पडलेल्या. त्यांच्याकडे बघून काय कळणार? दोघं हातघाईवर आले. वीस वर्षं देवाचा कौल गावाला समजावून सांगणारा माणूस स्वतःच्या बायकोला एक कळी समजावून सांगू शकेना. परत कौल लावायची आबांची छाती झाली नाही, कारण एका प्रश्नाला दोनदा कौल लावत नसतात. मी तिथून निघाले तेव्हा डोक्यात आधीपेक्षा जास्त गुंता होता. आता तर देवानंही दोन जबान्या दिल्या होत्या.

शनिवारी मी जयमालाला घेऊन सांगलीला गेले. घरी सांगितलं, कॉलेजचं काम आहे. इनामदार बाई ज्या शाळेत होत्या तिथं शाळा सुटल्यावर त्यांच्या पोरींचा सराव चालायचा. बाईंनी आम्हाला फाटकातूनच ओळखलं.

"भांडायला आलीस?"

"व्हय," मी म्हणाले. खोटं कशाला बोला?

बाई हसल्या नाहीत. त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. "उज्ज्वला, त्या दिवशी पलीकडे उभे होते ते दुसरे पंच काल मला भेटले. त्यांचं म्हणणं, हात आधी लागला. मैदानाचा तो भाग त्यांच्याकडे नव्हता, म्हणून ते तेव्हा बोलले नाहीत. आता वीस वर्षं मी पंच आहे. मला स्वच्छ दिसलं, तुझी टाच उठली आणि मग हिचा हात लागला. अजून डोळे मिटले की तसंच दिसतं. आणि त्यांना स्वच्छ दिसलं, की हात आधी. ते काही भोंदू नाहीत."

"मग बाई?"

"मग काय. चल, मांडून बघू."

त्यांनी आपल्या पोरींना रांगेत बसवलं. जयमालाला म्हणाल्या, नेहमीसारखी पळत ये आणि त्या वेणीवालीला खो दे. मला पंचाच्या जागेवर उभं केलं आणि स्वतः माझ्या शेजारी थांबल्या.

"तू टाचेकडे बघ. मी हाताकडे बघते. पाहशील ते मोठ्यानं सांग."

जयमाला आली. खो! वेणीवाली उठून पळाली.

"आधी टाच!" मी ओरडले. "फाऊल आहे बाई!"

"हात," बाई म्हणाल्या. "हात आधी लागला."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मला वाटलं, बाई माझी चेष्टा करतायत. त्यांना वाटलं असणार, मी सूड उगवतेय.

"परत," बाई म्हणाल्या.

परत तेच झालं. मग बाई म्हणाल्या, आता उलट. तू हाताकडे बघ, मी टाचेकडे. जयमाला धापा टाकत आली, खो दिला, आणि मला अगदी उन्हासारखं लख्ख दिसलं, की हात लागला आणि मग ती पोरगी उठली.

"हात आधी," मी म्हणाले.

बाई अजून त्या पोरीच्या टाचांकडेच बघत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"बाई?"

"टाच," त्या म्हणाल्या. "मला टाच आधी दिसली."

किती वेळा केलं कोण जाणे. जयमाला शेवटी म्हणाली, "बाई, तुमचं काय ठरतंय ते ठरवा, माझा जीव चाललाय." क्वचित एखाद्या वेळी हात इतका आधी लागायचा, की दोघींना तसंच दिसायचं. पण जिथं दोन्ही जवळजवळ एकदम व्हायचं तिथं आमचं जमेचना. जी ज्याच्याकडे बघेल तिला तेच आधी दिसायचं. आणि दिसायचं असं की त्यात शंकेला जागाच नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी चष्म्याचा नंबर काढताना मी एका डोळ्यांच्या डॉक्टरला हे सांगितलं. तो म्हणाला, डोळे फक्त बातमी पाठवतात, आधी काय आणि मग काय ते मेंदू मांडतो, आणि आपलं लक्ष ज्याच्यावर असेल त्याची बातमी तो आधी वाचतो. तो हे इतक्या सहज म्हणाला, की मला त्याचा रागच आला. पण त्या दिवशी मैदानावर आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर त्या दोन कळ्या आल्या. आई उजवीकडे बघत होती, आबा डावीकडे.

बाई खांबाच्या चौथऱ्यावर बसल्या. स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "पण मी कधी टाचेकडे बघत नाही. वीस वर्षांची सवय आहे, हाताकडे बघायची. त्याच दिवशी टाचेकडे का बघत होते मी?"

मी जीभ चावली.

"मी सांगितलं म्हणून," मी म्हणाले.

"काय?"

"नाणेफेकीआधी. माझ्या टाचांवर नजर ठेवा म्हणाले हुते मी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता त्या चिडतील असं मला वाटलं. उलट त्या हसल्या. असं हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "खेळाडूचं मी कधी ऐकत नाही," त्या म्हणाल्या. "एकदाच ऐकलं."

जयमाला मात्र टाळी वाजवायच्या बेतात होती. "म्हंजे बाईंचं चुकलं! उज्जे, तू सुटलीस की गं!"

आणि खरंच, मला क्षणभर तसंच वाटलं. मैदानावर लोळण घ्यावीशी वाटली. पण लगेच दुसरा एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. बाईंना टाच आधी दिसली, कारण त्या टाचेकडे बघत होत्या. मग मला हात आधी लागल्यासारखं का वाटलं? कारण बसलेल्या पोरीला दुसरं कामच काय असतं? सगळं लक्ष पाठीवर. कधी हात पडतोय, कधी हात पडतोय. जयमाला तर स्वतःच म्हणाली होती, मी हाताकडंच बघत हुते.

"बाई," मी म्हणाले, "मग माझंबी काय खरं?"

"म्हणजे?"

"मी उठले असंन आधी. आन् मला हात आधी लागल्यासारखं वाटलं असंल. माझं सगळं ध्यान पाठीवरच असतंय."

"उज्जे, गप बस की!" जयमाला माझ्यावर खेकसली. "चांगलं चाललंय तर कशाला घाण करतीस?"

पोरी घरी जायला निघाल्या, त्यांना बाईंनी हात हलवून निरोप दिला. मग म्हणाल्या, "उद्या समितीसमोर मला बोलावलंय. मी चुकले, म्हणून सांगते. मुलगी नीट उठली होती."

"पण तुम्हाला ठाऊक न्हाई ते."

"नाही."

"मलाबी न्हाई."

"नाही."

"मग 'माहीत नाही' म्हणा की."

"पंचाला तसं म्हणता येत नाही गं," बाई म्हणाल्या. "सगळं म्हणता येतं, चुकलो असंसुद्धा. 'मला कळलं नाही' म्हणणारा पंच कोण उभा करेल? आणि 'माहीत नाही' म्हटलं तर तुझ्या नावापुढचा फाऊल तसाच राहील."

मी नको म्हणायला हवं होतं का? मला आजही सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांपुढे दिवाळीनंतरचे पाहुणे होते, पोह्यांची बशी होती. मी काही बोलले नाही. बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बस चुकेल म्हणून आम्हाला पिटाळलं.

सोमवारी भोकरे सर सायकल रस्त्यातच टाकून आमच्या घरात शिरले. "निवड झाली! आबा, पोरगी संघात हाय!" आबांनी देवळात घंटा वाजवली आणि आईकडे विजयी नजरेनं बघितलं, डावी पडली होती म्हणून. आईनं त्यांच्याकडे न बघता साखर वाटली.

"बाई काय म्हणाल्या सर?" मी विचारलं.

"उभ्या राहिल्या आन् म्हणाल्या, निर्णय साफ चुकीचा हुता, पोरीचा काडीमात्र दोष न्हाई. अध्यक्ष म्हणाले, अंतिम सामन्यात असं चुकायचं असंल तर मग अवघड हाय बाई. बाईंनी शिट्टी काढून टेबलावर ठिवली आन् गेल्या." सरांनी घाम पुसला. "लई मोठी बाई. पण म्हातारपण आलं, दुसरं काय."

"म्हातारपण न्हाई ते," मी म्हणाले. पण सर तोवर रस्त्यातली सायकल उचलायला बाहेर पळाले होते.

राज्य स्पर्धा अकोल्याला होती. थंडी होती, मैदान झकास आखलेलं, आणि माझ्या पाठीवर पहिल्यांदा जिल्ह्याचं नाव. जयमालाही संघात होती. पहिला सामना सुरू झाला आणि मी माझ्या चौकोनात बसले, चवड्यांवर, हात जमिनीला टेकवून. पंच कोणी अनोळखी गृहस्थ होते. ते माझ्याकडे बघतायत की दुसरीकडे, हे मी बघत होते. मग वाटलं, बघू नये. मग वाटलं, पाठीकडे लक्ष द्यावं. मग वाटलं, पाठीकडे लक्ष दिलं तर पाठ खोटं बोलेल.

समोरची पोरगी चुकली आणि माझ्या अगदी पुढ्यात आली. हात लांब केला तरी बाद होईल इतकी जवळ. मागून जयमालाची पावलं धडधडत आली. पाठीवर हात पडला, कानाशी 'खो' आला. कुठलं आधी आलं?

मी बसूनच राहिले.

"ऊठ की उज्जे!" जयमाला किंचाळली. बाकावरून कुणीतरी ओरडलं. समोरची पोरगी तोवर कधीच निसटून खांबापाशी पोहोचली होती.

मी मान वळवून जयमालाला विचारलं, "नक्की लागला?"